मदत हवी आहे: स्टेजिंगचे बदल लाइव्हवर नेताना ऑर्डरी कशा वाचवू?

नमस्कार मंडळी. देवगडात आमची हापूसची बाग आहे. पेट्या विकायची वर्डप्रेस-वूकॉमर्सची साइट मीच सांभाळतो. सीझन तोंडावर आला म्हणून महिनाभर स्टेजिंगवर (म्हणजे साइटच्या चाचणी प्रतीवर) बसून नवीन पानं, पिनकोडनुसार डिलिव्हरीचे दर, मेनू सगळं नीट केलं. इकडे लाइव्हवर आगाऊ बुकिंग चालूच होतं. आता अख्खा डेटाबेस ढकलला तर त्या ऑर्डरी पुसल्या जाणार. लोकांनी पैसे भरलेत, एकही हरवून चालणार नाही.

निवडक टेबलं न्यावीत, तर साइट जुनी. ऑर्डरी अजून पानांसोबत पोस्ट्सच्याच टेबलात आहेत. त्यात आयडींची टक्कर: स्टेजिंगवर ४८१२ म्हणजे 'आंबा घरी कसा पिकवावा' हे पान, लाइव्हवर ४८१२ म्हणजे डोंबिवलीच्या गिऱ्हाइकाची ऑर्डर!

आधी लाइव्हवर एचपीओएस (वूकॉमर्सची ऑर्डरी स्वतंत्र साठवायची सोय) चालू करून ऑर्डरी वेगळ्या टेबलांत हलवू का? पण तरीही पोस्ट्समध्ये आयडी राखणारी नोंद उरतेच ना? की पानं एक्स्पोर्ट-इम्पोर्ट करून दर हातानेच पुन्हा भरू?

बॅकअप घेतलाय. रात्री तासभर चेकआउट बंद ठेवायचीही तयारी आहे. चालू दुकानावर कुणी हे केलं असेल तर कोणत्या क्रमाने केलंत, तेवढं कृपया सांगा.