मदत हवी आहे: टॅरंट टॅबरचं आरसी (रिमोटवर उडणारं) मॉडेल धावताना तोंडावर आपटतंय

१९१९ च्या टॅरंट टॅबर या ब्रिटिश बॉम्बर ट्रायप्लेनचं (एकावर एक तीन पंखांच्या विमानाचं) १/२४ मॉडेल आहे. मधला पंख १६६७ मिमी, वरचा आणि खालचा १२५० मिमी, वजन २.४ किलो. सहा मोटरी, प्रत्येकी साधारण ३५० ग्रॅम थ्रस्ट (ओढ). चार मोटरी खालच्या मजल्यावर पुढे-मागे जोडीने (जमिनीपासून १७० मिमी), दोन त्यांच्या डोक्यावर (२९० मिमी). सगळ्या एकाच थ्रॉटलवर. शेपूट टेकलेली असताना सीजी (गुरुत्वमध्य) ॲक्सलच्या (चाकांच्या आसाच्या) ४० मिमी मागे आणि १९० मिमी उंचीवर येतो. गवतावर शेपूट उचलली रे उचलली की नाक जमिनीत. शेपटीत वजन घालावं का?

प्रतिसाद १
अजिबात नको. सीजी मागे सरकला तर जमिनीवर वाचलेलं मॉडेल हवेत हातातून जाईल. दोष ॲक्सलच्या जागेत आहे. शेपूट १२ अंश उचलली की १९० मिमी उंचीवरचा सीजी जवळजवळ ४० मिमी पुढे येतो. म्हणजे तुमचे ४० मिमी तिथेच संपले, सीजी थेट चाकांवर. त्यात वरच्या दोन मोटरी सीजीच्या १०० मिमी वरून ओढतात: ७०० × १०० = ७०,००० ग्रॅम-मिमी, हा नाक खाली दाबणारा पीळ. खालच्या चार २० मिमी खालून ओढून त्यातले २८,०००च परत देतात. उरलेल्या ४२,००० ला अडवायला एलिव्हेटरशिवाय (शेपटीवरच्या, नाक वर-खाली करणाऱ्या फळीशिवाय) काही नाही. गवतात चाक अडकलं तर हीच उंची थेट जमिनीपासून मोजायची, आणि मग एलिव्हेटरही पुरत नाही.

ॲक्सल ५० मिमी पुढे घ्या. मॉडेल सपाट धरल्यावर चाकाच्या टेकण्यापासून सीजीकडे जाणारी रेघ १५ अंश मागे झुकली पाहिजे.

प्रतिसाद २
मूळ विमानाचंही हेच झालं. २६ मे १९१९, फार्नबरो. खालच्या चार नेपियर लायन इंजिनांवर धाव सुरू झाली, शेपूट वर आली, वरची दोन इंजिनं वाढवली आणि विमान नाकावर गेलं. वैमानिक कॅप्टन डन आणि कॅप्टन रॉलिंग्ज दोघेही त्यात गेले. उड्डाणाआधी नाकात सुमारे ४५० किलो शिसंही भरलं होतं. दुसरं टॅबर बांधलंच नाही, त्यामुळे हे मॉडेल उडालेलं बघायची फार इच्छा आहे.

वरच्या दोन मोटरींना रिमोटवर वेगळा चॅनल द्या. चाकं जमीन सोडेपर्यंत त्या ५० टक्क्यांवर. एलिव्हेटर पूर्ण वर धरून तीन टेकूंवरूनच (दोन्ही चाकं आणि शेपूट एकदमच) उचला, शेपूट आधी उचलू नका.

धागाकर्ता
वरच्या मोटरींना ४ अंश अपथ्रस्ट दिला (म्हणजे त्यांचं तोंड तेवढं वर वळवलं) तर? आणि नाकातलं १२० ग्रॅम शिसं काढू का?

प्रतिसाद १
प्रोपेलर सीजीच्या १४० मिमी पुढे असेल तर ४ अंशांनी जेमतेम १० मिमी मिळतात. द्या, पण त्यावर विसंबू नका. बॅटरी पुढे सरकवा आणि सीजी जागेवर ठेवून जमेल तेवढं शिसं काढा. पहिली धाव डांबरी पट्टीवर. सहा ईएससींपैकी (मोटरींचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटांपैकी) पाचांची, रिसीव्हरला वीज देणारी लाल वायर काढली आहे ना, तेही बघून घ्या.