मायनिंग बंद झालं म्हणून पिढी बरबाद झाली? की चालू होतं म्हणून?

मास्तरीण: काल इथे कुणी लिहिलं, "२०१२ च्या बंदीने गोव्याच्या लोहखनिजाच्या खाणपट्ट्यातली अख्खी पिढी बरबाद केली." वाचून डोकं फिरलं. माझ्या वर्गातले बाक २००८ पासूनच रिकामे होत होते. इथे ज्या हलक्या, कमी लोखंडाच्या मालाकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं, तोही चीनच्या जहाजात चढायला लागला होता. अकरावीतल्या एकाच्या फिजिक्सच्या वहीत मागच्या पानावर खनिजाच्या ट्रकच्या ट्रिपांचा हिशेब सापडला: चार, पाच, चार. ओरडले, तर म्हणतो, "मॅडम, तुमचा पगार किती?"

बार्जवाला: तुमचा पगार एक तारखेला जमा होतो, म्हणून हे सुचतं. माझी इंजिनीअरिंगची फी बाबांच्या दोन ट्रकांनी भरली. शेतात पिकत काय होतं तेव्हा?

लाल धूळ: भात पिकत होतं! खाणीच्या डंपची, म्हणजे टाकाऊ ढिगाऱ्याची माती पावसात शेतात उतरेपर्यंत.

बार्जवाला: भरपाई घेतलीत ना?

लाल धूळ: घेतली. शेत कुठे परत मिळालं? या एकदा चप्पल काढून. गुडघाभर लाल चिखल, रोप धरत नाही.

बार्जवाला: त्याच भरपाईतून बाईक घेतली असेल.

लाल धूळ: तोंड सांभाळून!

कोडलीचा पाव्हणा: शेतीचा धागा वेगळा काढा रे. बार्जवाले, ट्रक ज्याचा, त्याची पोरं शिकली. चालवणाऱ्याचं काय? माझा भाऊ दहावीनंतर क्लीनर, एकोणिसाव्या वर्षी स्टिअरिंगवर. कायद्याने २० लागतात, पण विचारतो कोण? २०११ ला कर्ज काढून स्वतःचा ट्रक घेतला, पुढच्या वर्षी सगळं ठप्प. ट्रक फणसाखाली कुजला. आज दुसऱ्याची पिकअप चालवतो. मी रडतखडत बी.कॉम. केलं, तेव्हा घरात माझीच टर उडायची.

बार्जवाला: म्हणजे बंदीनेच मारलं ना त्याला? मी तेच म्हणतोय.

मास्तरीण: २०११ मध्ये जगात लोहखनिजाला टनामागे १८० डॉलर भाव होता. २०१५ संपताना ४० च्या आसपास. बंदी नसती, तरी हप्ते कशातून फेडले असते?

बार्जवाला: बरं बाई, भाव पडला, मान्य. मेडल घ्या. तो फिजिक्सवाला कुठे असतो आता?

मास्तरीण: गेल्या महिन्यात बाजारात भेटला. मुलीच्या ट्यूशनला किती घेता, विचारत होता.

लाल धूळ: आणि बाईक माझ्या स्वतःच्या पैशांची आहे.