भोरजवळची तीन एकर जमीन: लागवडीआधी कोणती कामे करावीत?

प्रश्न : नवखा_बांधकरी

भोर तालुक्याच्या पश्चिम भागात, नीरा-देवघर धरणाच्या पाणलोटात, आम्ही उभयतांनी गेल्या हिवाळ्यात तीन एकर जमीन घेतली. वरचा सव्वा एकर वरकस (भाताला न चालणारी, उताराची हलकी जमीन), मुरमाड आणि नुसत्या गवताचा आहे. त्याखाली घरासाठी सपाट केलेला तुकडा असून पूर्वेकडे उतरत गेलेली भाताची चार खाचरे थेट ओढ्यापर्यंत पोहोचतात. ओढ्याकाठी जुना उंबर आणि दोन जांभळी आहेत, तर वरच्या बांधावर तीन हिरडे आहेत. बोअरला मार्चपर्यंत बरे पाणी असते, पुढे ते आटत जाते.

एका उद्यानरचनाकाराने दिलेल्या आराखड्यात घरापुढे १० गुंठे हिरवळ, फाटकापासून पामची रांग, वरकसावर गुलमोहर व नीलमोहर, आणि खाचरे भरून केलेले एकच मैदान आहे. चित्र सुरेख आहे, परंतु ते आमच्याच जमिनीचे आहे असे काही केल्या वाटत नाही. येत्या जूनमध्ये लागवड करावी की थांबावे, आणि कामांचा क्रम कसा असावा?

उत्तर १ : खाचरकाठ

मुळशीकडे बारा वर्षे हेच उद्योग करीत असल्यामुळे थोडे स्पष्ट लिहितो. खाचरे कदापि भरू नका. ती केवळ भातासाठी नसतात. उतारावरून धावत येणारे पाणी पायरीपायरीने थांबवून, माती मागे ठेवून, ते ओढ्यात सोडण्याची ती व्यवस्था असते, आणि ती मोडली की पहिल्याच मोठ्या पावसात पाणी स्वतःची वाट काढून तुमचे मैदान घेऊन जाते.

हिरवळीचा हिशेबही मांडून पाहा. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. उन्हाळ्यात दिवसाला ५ मिलिमीटर पाणी धरले, तर गुंठ्याला ५०० लिटर आणि दहा गुंठ्यांना ५,००० लिटर लागतात, तेही नेमके बोअर आटत असताना. अंगणापुरती एक गुंठा हिरवळ ठेवावी आणि बाकीचा मोह सोडावा.

क्रम विचाराल, तर पहिला पावसाळा पाहण्यासाठी ठेवा. वरून पाणी कोठून शिरते, उपळ (पावसाळ्यात जमिनीतून येणारे झरे) कोठे फुटतात, कोणता कोपरा ऑक्टोबरपर्यंत ओला राहतो, हे नकाशावर नोंदवा. मात्र वरकसावर समतल चर (उताराला आडवे, एकाच पातळीत खणलेले) जूनपूर्वीच काढून घ्यावेत. ६० सेंटिमीटर रुंद व ३० सेंटिमीटर खोल चर आणि निघालेली माती खालच्या अंगाला, इतके साधे ते काम आहे, पण पातळी पाणी भरलेल्या पारदर्शक नळीनेच घ्यावी. मी पहिल्या वर्षी नजरेने आखणी केली. चराला किंचित ढाळ राहिला आणि पाणी अडवण्याऐवजी त्याचाच पाट झाला.

उत्तर २ : वाळा

वरील मताशी सहमत आहे. झाडांविषयी एक गोष्ट परदेशी पुस्तकांवरून आराखडे करणाऱ्यांच्या हमखास नजरेतून सुटते. घराच्या पश्चिमेला पानझडी झाडे लावावीत, म्हणजे उन्हाळ्यात सावली आणि हिवाळ्यात ऊन मिळते, असा सल्ला तेथे असतो. आपल्याकडे पळस, पांगारा, काटेसावर ही झाडे ऊन तापू लागते तेव्हाच निष्पर्ण होऊन फुलतात. ती वरकसावर, ओटीवरून दिसतील अशी लावा. पश्चिमेची सावली आंबा, जांभूळ, बकुळ अशा सदाहरित झाडांकडे सोपवा. पावसाळी वारा त्याच दिशेने येत असल्यामुळे मोठी झाडे घरापासून निदान ३० फूट दूर असावीत. गुलमोहराची मुळे उथळ आणि फांद्या ठिसूळ असतात, म्हणून उघड्या उतारावर त्याचा भरवसा धरू नये.

वड, पिंपळ, उंबर पाण्याच्या टाकीजवळ नकोत, त्यांची मुळे भिंती फोडतात. ओढ्याकाठचा उंबर मात्र आहे तेथे अमूल्य आहे, त्याच्या सोबतीला अर्जुन आणि करंज लावावेत. कुंपणासाठी करवंद व सागरगोटा पुरेसे होतात, गुरे सहसा आत शिरत नाहीत.

वणव्याचा विचार आराखड्यात दिसत नाही. वरकसाच्या कडेने १० फुटांचा पट्टा जानेवारीअखेर गवत काढून स्वच्छ ठेवला नाही, तर तीन वर्षांची रोपे एका दुपारीत जातात.

उत्तर ३ : मोजणीवही

कुंपणापूर्वी सरकारी मोजणी करून हद्दीच्या खुणा पक्क्या करून घ्या. ओढ्याकडे जाणारी गावाची पायवाट तुमच्या जमिनीतून असल्यास ती आराखड्यातच दाखवा. ती अडवून सुरू झालेला शेजार पुढे सुधारत नाही. हिरडा आणि जांभूळ ही दोन्ही झाडे १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाच्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे ती स्वतःच्या जमिनीतली असली तरी परवानगीविना तोडता येत नाहीत. हिरड्याची कोवळी फळे वाळवली की बाळहिरडा होतो. ती कोणी गोळा करत आले आहे का, हेही गावात विचारावे.

नवखा_बांधकरी

सर्वांचे आभार. खाचरे राहतील, आणि एका खाचरात भात लावण्याबद्दल पूर्वीच्या कसणाऱ्यांशी बोलणेही झाले. पुढील जूनमध्ये ३०० रोपे लावण्याचा विचार आहे. त्यांच्या उन्हाळी पाण्यासाठी शेततळे खोदावे का?

खाचरकाठ

३०० रोपांसाठी शेततळे नको. ३० बाय ३० मीटरचे, ३ मीटर खोल तळे, बाजू उतरत्या ठेवाव्या लागत असल्यामुळे, २२ लाख लिटरांचे होते आणि त्यासाठी जवळजवळ नऊ गुंठे जागा अडते. रोपाला आठवड्याला १० लिटर धरले, तर ३०० रोपांना फेब्रुवारी ते मे या सुमारे सोळा आठवड्यांत ४८,००० लिटर लागतील. १,५०० चौरस फुटांच्या छपरावर २,००० मिलिमीटर पाऊस धरला, तरी पावणेतीन लाख लिटर पाणी पडते. छपराला पन्हळी लावून ५०,००० लिटरची झाकलेली टाकी घराच्या वरच्या अंगाला, हिरड्यांच्या बांधाखाली बांधा. पन्हळीतले पाणी तेथवर चढवायला एक लहान पंप लागेल, पण उन्हाळ्यात वीज गेली तरी खालच्या रोपांना पाणी उताराने मिळेल. वरकसावरच्या रोपांना मात्र कावड धरावी लागेल, म्हणून तेथे पहिल्या वर्षी पन्नासच लावा.