आप्पांवर हसायचं होतं, लोक आप्पांसोबत हसले. नॉर्मन लिअरने हे कसं सांभाळलं?

तुळशीकट्टा (इंदूर)

नमस्कार मंडळी. मदत हवी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमच्या कॉलनीत मराठी घरं साठ-सत्तर. दर गणेशोत्सवात एक एकांकिका होते. यंदा लिहायचं माझ्याकडे आलं आणि मी विषय घेतला कपाचा. आमच्या जिन्यातल्या तीन घरांत तरी, जिना झाडणाऱ्या बाईंचा कप वेगळा आहे. निळ्या फुलांचा, कान तुटलेला, बाहेर मीटरच्या पेटीवर पालथा घातलेला. चहा वरून ओततात. पिऊन झाला की त्यांनीच विसळून परत तिथे ठेवायचा. आपलं शहर 2017 पासून वर्षानुवर्षं स्वच्छतेत देशात पहिलं आलं. सकाळी पिवळी गाडी गाणं वाजवत आली की आम्ही ओला-सुका कचरा वेगळा करून अभिमानाने देतो. आणि हे ज्यांच्या हातांनी घडलं, त्यांचा कप घराबाहेर. मला हे बघवत नाही.

एकांकिकेत आप्पा आहेत. सत्तरीचे, तोंडाळ, आरामखुर्ची न सोडणारे. सून बाईंना घरातल्या कपात चहा देते आणि आप्पा घर डोक्यावर घेतात. शेवटी सून त्यांना चार गोष्टी सुनावते. प्रयोगात झालं असं, की आप्पांच्या वाक्यावाक्याला हशा आणि टाळ्या, आणि सुनेचं बोलणं सुरू झालं तशी लोकांनी मोबाइल काढले. नंतर प्रसादाच्या रांगेत एक गृहस्थ मला म्हणाले, "आप्पा अगदी मनातलं बोलले हो."

त्या बाई मागच्या रांगेत मुलीला घेऊन बसल्या होत्या. मीच आग्रहाने बोलावलं होतं. मध्येच उठून गेल्या. तेव्हापासून मला झोप नाही.

अमेरिकेत नॉर्मन लिअर या टीव्ही लेखक-निर्मात्याने आर्ची बंकर नावाचा असाच एक दुराग्रही, इतर वंशाच्या माणसांना कमी लेखणारा माणूस विनोदी मालिकेच्या मधोमध बसवला आणि 'ऑल इन द फॅमिली' 1971 ते 1979 चालवली. त्याच्यासमोरही हाच प्रश्न आला असणार. त्याने काय केलं? ज्यांनी लिअरबद्दल वाचलंय, किंवा टीव्हीसाठी लिहिलंय, त्यांनी कृपया सांगा.

लष्करकर (ग्वाल्हेर)

लेखनातलं मला कळत नाही, पण लिअर माझा फार आवडता. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकी विमानांतून 52 मोहिमा केल्या. परत आल्यावर विनोद लिहायला लागला. पन्नाशीच्या आसपास 'ऑल इन द फॅमिली' आली, म्हणजे तुमच्याकडे वेळ आहे ताई! त्यामागोमाग 'सॅनफर्ड अँड सन', 'मॉड', 'गुड टाइम्स', 'द जेफरसन्स'. 'मॉड'मध्ये नोव्हेंबर 1972 मध्ये सत्तेचाळीस वर्षांची नायिका नवऱ्याशी बोलून गर्भपाताचा निर्णय घेते. गर्भपाताचा हक्क देणारा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्यानंतर दोन महिन्यांनी आला. आपल्याकडे गर्भपाताचा कायदा 1971 मध्येच झाला होता, पण आपल्या दूरदर्शनवर एखाद्या बाईने तेव्हा हे बोलल्याचं मला तरी आठवत नाही.

सुनेचं भाषण काढून टाका एवढंच माझं मत. जाणकारांची वाट बघू.

रामबागचे काका

वयाने लहान असशील म्हणून अगं म्हणतो. मी मूळचा इंदूरचा, मुंबईत वीसेक वर्षं मालिका लिहिल्या, आता परत रामबागेत. तुझं वाचून मला माझेच जुने एपिसोड आठवले, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी आर्ची आला कुठून ते बघ. लिअर नऊ वर्षांचा असताना त्याचे वडील खोटे रोखे विकण्याच्या प्रकरणात तुरुंगात गेले. आईने घरातलं सामान विकायला काढलं, त्यात वडिलांची लाल खुर्चीही गेली. हेच वडील आईला "गप्प बस" म्हणून दटावायचे, ते शब्द पुढे आर्चीच्या तोंडी आले. आर्चीची मालिकेतली खुर्ची आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. म्हणजे लिअरने एखाद्या गटाची टिंगल करायला माणूस उभा केला नाही. ज्याच्यावर जीव होता आणि ज्याचं बोलणं पटत नव्हतं, असा माणूस त्याने लिहिला. आर्ची घाबरलेला आहे. जग बदलतंय आणि आपल्याला विचारत नाहीये, ही त्याची भीती. तुझे आप्पा कशाला घाबरतात? संहितेत ते कुठे आहे का? आप्पा नुसते चटकदार बोलत असतील तर टाळ्या त्यांनाच मिळणार. प्रेक्षक चटकदार बोलणाऱ्याच्या मागे जातो, बरोबर कोण हे तो नंतर बघतो.

आता हरवायचं कसं. लिअरचे लेखक आर्चीला बहुतेक वेळा त्याच्याच तर्कात अडकवायचे. पहिल्या भागात शेजारचा कृष्णवर्णीय मुलगा लायनेल येतो. त्याला इंजिनिअर व्हायचंय. आर्चीला त्याच्या तोंडून ज्या अडाणी ढंगाचं बोलणं ऐकायचं असतं, त्याच ढंगात लायनेल त्याला ते सांगतो. आर्ची खूश. प्रेक्षकाला मात्र दिसतं, की या खोलीत कोण कोणाला खेळवतंय. एका शब्दाचा उपदेश नाही. दुसरं, 1972 मधला सॅमी डेव्हिस ज्युनिअरचा भाग. हा खराखुरा मोठा कृष्णवर्णीय कलाकार आर्चीच्या घरी येतो, निघताना फोटो काढायचा ठरतो, आणि कॅमेरा क्लिक होताना सॅमी आर्चीच्या गालाचा मुका घेतो. बस. समोर खरे प्रेक्षक बसवून चित्रण व्हायचं, आणि तो हशा थांबता थांबत नाही. तोच प्रसंग लेखकाने "माणसं सगळी सारखी" असं एक वाक्य घालून संपवला असता, तर आज मी तो तुला सांगत बसलो नसतो.

आणखी एक, कारण मंडळात तुला "जरा सौम्य करा" म्हणणारे भेटतीलच. एबीसी या चॅनेलने या मालिकेचे दोन पायलट, म्हणजे नमुन्याचे भाग, करून घेतले आणि दोन्ही नाकारले. सीबीएस या दुसऱ्या चॅनेलने घेतली, तरी पहिल्याच भागातलं एक वाक्य काढ म्हणाले. आर्ची आणि त्याची बायको ईडिथ चर्चमधून लवकर परततात, मुलगी-जावई बेडरूममधून खाली येतात, आणि रविवारी सकाळी अकरा वाजता हे काय चाललंय, अशा अर्थाचं आर्ची बोलतो. एवढंसं वाक्य. लिअरने सांगितलं, हे कापलंत तर मी परत येणार नाही. त्याचं म्हणणं, आज फालतू गोष्टीवर मान तुकवली तर पुढे प्रत्येक गोष्टीवर तुकवावी लागेल. 12 जानेवारी 1971 ला तो भाग त्या वाक्यासह गेला. तक्रारींचे फोन घ्यायला चॅनेलने जादा माणसं बसवली होती, फोन मोजकेच आले. मी एका चॅनेलसाठी लिहिताना अशीच एक ओळ काढू दिली होती. मोलकरणीच्या पगाराबद्दल होती. वर्षभरात त्या मालिकेतून मोलकरीणच गेली.

आपल्या माळव्यातही हे काम झालंय. दूरदर्शनवरच्या 1984 च्या 'ये जो है ज़िंदगी' या विनोदी मालिकेचं लेखन हिंदी व्यंगकार शरद जोशींचं. उज्जैनचा जन्म, इंदूरच्या 'नई दुनिया'त लिहिलेला माणूस. हसवता हसवता बोट कुठे ठेवायचं, ते त्यांच्याकडून शीक.

बडोदेकरीण

काकांचं सगळं पटलं, पण लिअरला हे पूर्ण जमलं असं मला वाटत नाही, आणि ते ताईंना सांगायला हवं. व्हिडमार आणि रोकीच या दोन मानसशास्त्रज्ञांचा 1974 चा अभ्यास आहे. ज्यांच्या मनात आधीच दुराग्रह जास्त, त्यांना आर्ची जास्त आवडायचा, तोच जिंकतो असं वाटायचं. तुमच्या प्रसादाच्या रांगेतले गृहस्थ तेच. मालिका आली त्याच वर्षी लॉरा हॉब्सन या लेखिकेने 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये लिहिलं होतं, की आर्चीला गोंडस केलंय, खरा दुराग्रही जे शब्द वापरतो ते त्याच्या तोंडी नाहीतच. लिअरने तिला उत्तरही दिलं.

'गुड टाइम्स'चं उदाहरण मला जास्त लागतं. गरीब कृष्णवर्णीय कुटुंबाची मालिका, पण थोरल्या मुलाचा एक ठरलेला शब्द एवढा गाजला, की मालिका त्याच्या माकडचेष्टांवर चालायला लागली. आईवडिलांचं काम करणाऱ्या दोघांनीही विरोध केला. वडिलांचं काम करणारे जॉन एमॉस यांना 1976 मध्ये काढलं. लिअरच्या छत्राखाली हे झालं. टाळ्या कुठे पडतात याच्या मागे लेखक गेला की असंच होतं.

म्हणून ताई, मी आधी आप्पांचं काही बदलणार नाही. त्या बाई का उठल्या, हे त्यांना विचारलंत का?

तुळशीकट्टा (इंदूर)

नव्हतं विचारलं. धीर होत नव्हता. परवा विचारलं.

त्या रागावलेल्या नव्हत्या. झाडू भिंतीला टेकवून म्हणाल्या, "भाभी, सब बोल रहे थे. वो बाई तो बोली ही नहीं."

घरी येऊन संहिता काढली. बावीस पानं. बाईचं पात्र तीनदा येतं, कप घेतं, कप ठेवतं. एक वाक्य नाही. लायनेलला पहिल्याच भागात बोलायला मिळालं होतं, काका, आणि मी ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांना मुकं ठेवलं. हसणाऱ्यांना दोष देत बसले होते.

सुनेचं भाषण काढलं. आप्पांच्या भीतीवर अजून काम चालू आहे. बाईंची मुलगी नववीत आहे, तिला नवी पानं वाचायला दिली. तिने एक अख्खा परिच्छेद काट मारून परत दिला, "मम्मी ऐसे नहीं बोलती." मग दोघी माझ्या स्वयंपाकघरात बसल्या आणि बाईंनी स्वतःच सांगितलं, आप्पांना काय म्हणायचं ते. मी जसंच्या तसं लिहून घेतलं. दिवाळीच्या कार्यक्रमात पुन्हा प्रयोग आहे, उद्या संध्याकाळी सातला पहिली तालीम. वाक्य असं आहे:

"बाबूजी, कप अलग रखना है तो रखो. पर कान वाला रखो. उँगली जलती है."