विषय: मंडळाचा अँप्लिफायर – दुरुस्ती करायची की नवा घ्यायचा?

प्रेषक: सांस्कृतिक समिती (ध्वनिव्यवस्था)

नमस्कार मंडळी,

कालच्या तालमीत अँपने पुन्हा त्रास दिला. आवाज कमी ठेवला की डावा स्पीकर मुका होतो. व्हॉल्यूम बराच वाढवला की अचानक परत बोलायला लागतो. दोन्ही स्पीकरांतून सतत भुणभुण येते. गाणं चालू असताना ती झाकली जाते, पण निवेदक श्वास घ्यायला थांबला की मागच्या रांगेपर्यंत ऐकू जाते. व्हॉल्यूमचा नॉब फिरवताना खरखर होते ती वेगळीच.

अँप 22 वर्षांचा आहे. माझा त्याच्यावर जीव आहे, पण तेवढ्यावर निर्णय होऊ नये. मतं कळवा.

प्रेषक: खजिनदार

ताई, माझं मत नवा घ्यावा. आज एक भाग बदलू, सहा महिन्यांनी दुसरा जाईल. हा 14 किलोचा आहे आणि दर वेळी तो उचलणारी माणसं तीच दोन-तीन. नव्यात दुप्पट वॅट मिळतील, वजन निम्म्याहून कमी आणि वर वॉरंटी. मुलं वर्षभर तयारी करतात. त्यांच्या कार्यक्रमात मध्येच आवाज गेला तर मी त्यांना काय सांगू?

प्रेषक: एक जुने सभासद

ताई, खजिनदार,

मी नोकरीची बरीच वर्षं अशाच पेट्या उघडण्यात घालवली आहेत, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

वय बघून निर्णय घेऊ नका, बिघडलंय काय ते बघून घ्या. अँपमधल्या सगळ्या गोष्टी एकाच वेगाने म्हाताऱ्या होत नाहीत. ट्रान्सफॉर्मर आणि हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) वर्षानुवर्षं टिकतात. झिजतात ते इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे डबे), रिलेचे (विजेवर चालणाऱ्या स्विचचे) काँटॅक्ट, व्हॉल्यूमचा पॉट (नॉबमागचा फिरता भाग) आणि गरम भागांजवळचे सोल्डरचे टाके. हे सगळं बदलता किंवा नीट करता येतं. ट्रान्सफॉर्मर जळला असेल, किंवा आउटपुटचा भाग आता बनत नसेल, तर मात्र मीही नवाच घ्या म्हणेन. बंद झालेल्या ट्रान्झिस्टरांच्या आणि एसटीके मॉड्यूलच्या (आउटपुटच्या तयार चिपच्या) नावावर नकली माल भरपूर विकला जातो. तो बसवला की अँप सुरू होतो आणि पहिल्या मोठ्या आवाजाला उडतो, कधीकधी स्पीकरलाही घेऊन जातो.

तुम्ही सांगितलेल्या खुणा मला आशेच्या वाटतात. कमी आवाजाला एक बाजू जाणं आणि वाढवल्यावर परत येणं, हे बहुतेक वेळा स्पीकर-प्रोटेक्शन रिलेचं, म्हणजे बिघाड झाला की स्पीकर अँपपासून वेगळा करणाऱ्या स्विचचं, लक्षण असतं. काँटॅक्टवर काळपट थर चढतो. छोटा सिग्नल त्यातून जात नाही, मोठा जातो.

भुणभुणीसाठी एक परीक्षा करा. सगळ्या इनपुट वायरी काढा, व्हॉल्यूम शून्यावर न्या. भुणभुण थांबली तर दोष वायरींत, मिक्सरमध्ये किंवा अर्थिंगच्या लूपमध्ये (दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून फिरणाऱ्या प्रवाहात) आहे आणि नवा अँप आणूनही ती तशीच राहील. थांबली नाही, तर ती अँपच्या आतली. मग तिचा सूर बघा. लूपचा आवाज बहुधा विजेच्या फ्रिक्वेन्सीवर घुमतो, म्हणजे देशाप्रमाणे 50 किंवा 60 हर्ट्झ. पॉवर सप्लायचे मोठे कपॅसिटर सुकले असतील तर तो बरोबर एक सप्तक वर, 100 किंवा 120 हर्ट्झवर येतो आणि जरा बोचरा असतो. आपल्याकडे तयार कानाची माणसं आहेत, त्यांना बसवा.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. स्पीकर सोडवून, इनपुट नसताना, मल्टिमीटरने दोन्ही स्पीकर टर्मिनलवर डीसी व्होल्टेज मोजा. काही दहा मिलिव्होल्ट असेल तर आउटपुट ट्रान्झिस्टर बहुधा शाबूत. काही व्होल्ट दिसले तर स्पीकर पुन्हा जोडू नका, कॉइल जळेल. झाकण मात्र कुणीही उघडायचं नाही. प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये धोकादायक चार्ज राहतो.

खजिनदार, दुप्पट वॅटबद्दल. दुप्पट वॅट म्हणजे फक्त 3 डेसिबल, कानाला जेमतेम जाणवणारा फरक. आवाज दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. मागच्या रांगेला ऐकू येत नसेल तर स्पीकर स्टँडवर चढवा, त्याचा उपयोग जास्त होईल. वजनाचा मुद्दा मात्र मला शंभर टक्के पटतो. नवे क्लास-डी अँप (ट्रान्झिस्टर झपाट्याने चालू-बंद करून चालणारे) विजेचा बराचसा भाग स्पीकरपर्यंत पोचवतात, उष्णतेत घालवत नाहीत, म्हणून त्यांना लहान हीटसिंक पुरतं. पाठीचा विचार करून नवा घ्यायचा असेल तर ते रास्त कारण आहे, पण मग तेच कारण म्हणून लिहा.

प्रेषक: सांस्कृतिक समिती (ध्वनिव्यवस्था)

काका, आज तिघं बसून सगळं तपासलं. वायरी काढल्या, व्हॉल्यूम शून्य, भुणभुण तशीच. आपल्या पेटीवादकांनी सूर जुळवला: वरच्या सप्तकातला, 120 च्या आसपास. डीसी डावीकडे 18 मिलिव्होल्ट, उजवीकडे 23. डाव्या-उजव्या स्पीकरच्या वायरी अँपकडे अदलाबदल केल्या तर मुकेपणा दुसऱ्या स्पीकरमध्ये गेला, म्हणजे स्पीकर बरा आहे. जळका वास नाही, फ्यूजही कधी उडालेला नाही.

प्रेषक: एक जुने सभासद

ताई, फार नीट काम केलंत. म्हणजे फिल्टर कपॅसिटर (पॉवर सप्लायचे ते मोठे) आणि रिले बदलायचे, पॉट साफ करायचा, गरम भागांजवळचे ड्राय सोल्डर (कच्चे झालेले टाके) परत मारायचे आणि शेवटी बायस (आवाज नसतानाही आउटपुट ट्रान्झिस्टरांतून वाहणारा ठरावीक प्रवाह) तपासायचा. कारागिराला सांगा, पहिल्यांदा चालू करताना सिरीज बल्ब (विजेच्या वाटेत जोडलेला दिवा, बिघाड असला तर प्रवाह अडवतो) लावूनच करा. कपॅसिटर तेवढ्याच क्षमतेचे, व्होल्टेज तेवढंच किंवा जास्त, आणि 105 अंशांपर्यंत चालणारे घ्या. ढोबळ हिशेब असा, की तापमान दर 10 अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट होतं. 2000 तासांचा 85 अंशांचा कपॅसिटर 65 अंशांत सुमारे 8000 तास चालेल, तर तेवढ्याच तासांचा 105 अंशांचा 32,000.

हे कपॅसिटर सुकण्यात आपलाही हात आहे, हे मनापासून सांगतो. आपण अँप बंद कपाटात ठेवतो आणि वर मिक्सर. वरच्या जाळ्या झाकल्या की गरम हवा जाणार कुठे?

प्रेषक: खजिनदार

काका, पटलं. दुरुस्तीला माझी संमती, दोन अटींवर. कारागिराने आधी लेखी अंदाज द्यावा आणि तो तशाच नव्या अँपच्या निम्म्या किमतीच्या वर गेला तर काम थांबवून आपल्याला विचारावं. दुसरं, दुरुस्त अँप कार्यक्रमाआधी दोन तालमींत सलग तीन-तीन तास चालवून बघायचा. आणि उचलायला चाकांची पेटी घेऊ, तो खर्च मी वेगळा मांडतो.

प्रेषक: सांस्कृतिक समिती (ध्वनिव्यवस्था)

दोन्ही अटी मान्य. कपाटाचं मागचं फळकूट उद्याच काढते आणि मिक्सरला वेगळं टेबल ठेवते. काका, कारागिराकडे जाताना तुम्ही बरोबर याल का? बदललेल्या भागांची यादी आणि तारीख झाकणाच्या आत चिकटवून घेऊ, पुढे जो कोणी उघडेल त्याला उपयोगी पडेल.