जिओजेब्रावर प्रमेय दिसतं, पण सिद्धता वहीत उतरत नाही. काय करू?

मानेवाडा_भूमिती

नमस्कार. नागपुरात एका अनुदानित शाळेत 22 वर्षांपासून गणित शिकवते. यंदा दहावीचे दोन वर्ग माझ्याकडे आहेत.

मागच्या वर्षी माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून प्रोजेक्टर लावून दिला, तेव्हापासून भूमिती मी जिओजेब्रावर, म्हणजे आकृत्या काढून हलवता येणाऱ्या सॉफ्टवेअरवर, शिकवून राहिले. वर्तुळाचा धडा तर इतका रंगतो! केंद्रीय कोन 80 अंशांचा घ्यायचा, मोठ्या कंसावर एक बिंदू घ्यायचा, तिथला कोन 40. मग तो बिंदू माउसने धरून फिरवायचा. आकृती वाकडीतिकडी होत जाते, 40 मात्र हलत नाही. बिंदू लहान कंसावर गेला की एकदम 140. (कोन 0 ते 180 मध्येच दाखवायची सेटिंग आधी करून ठेवा, नाहीतर 220 दाखवतो आणि मुलं गोंधळतात.) मागच्या बाकावरून आवाज येतो, "मॅडम, दोन्ही मिळून 180 झाले न!" चक्रीय चौकोन (चारही शिरोबिंदू वर्तुळावर, समोरासमोरचे कोन मिळून 180) अजून शिकवायचाच असतो आणि पोरांनी तो पकडलेला असतो. खडूने हे मला कधी जमलं नव्हतं.

अडचण पुढे आहे. चाचणीत हेच प्रमेय विचारलं: मोठ्या कंसावरचा कोन केंद्रीय कोनाच्या निम्मा असतो. पक्ष, साध्य जवळपास सगळ्यांचं बरोबर. सिद्धतेच्या जागी एका वर्गातल्या 19 मुलांनी लिहिलं: "बिंदू कुठेही हलवला तरी कोन निम्माच राहतो, म्हणून सिद्ध." एका मुलीने तर पुरावा म्हणून तीन मापं लिहून दिली. ही मुलं आळशी नाहीत. त्यांनी डोळ्यांनी पाहिलं, त्यांना पटलं. पटल्यावर आणखी सिद्ध काय करायचं, हा त्यांचा प्रश्न खरा आहे. "बोर्डात मार्क कटतील" हे उत्तर मला द्यायचं नाही.

आणखी एक. पडद्यावर नीट दिसावं म्हणून खिडक्या लावाव्या लागतात. अंधार झाला की वह्या मिटतात आणि कंपासपेटी दप्तरातच राहते. कोणी यातून वाट काढली आहे का?

महालचे_सर

ताई, मी निवृत्त आहे, जिओजेब्रा मी शिकवताना वापरलं नाही. पण तुमच्या वर्णनात मला एक गोष्ट दिसते. आमच्या वेळी प्रत्येक मुलगा आपल्या वहीत वर्तुळ काढायचा आणि कोनमापकाने मोजायचा. कोणाचं 39 यायचं, कोणाचं 42. साऱ्या वर्गाची मापं फळ्यावर मांडली की मुलं आपसात भांडायची. मग मी विचारायचो, खरं कोणाचं? सिद्धता तिथून सुरू व्हायची, कारण मोजण्यावर कोणाचाच भरवसा उरलेला नसायचा. तुमच्या पडद्यावरचं माप कधी चुकत नाही, म्हणून मुलांना सिद्धतेची भूक लागत नसावी. आधी कागद, मग पडदा, असं करून पाहा.

नंदनवनची_आई

मी शिक्षिका नाही, पण माझी मुलगी दहावीत आहे म्हणून लिहून राहिले. बालभारतीच्या पुस्तकावरचा क्यूआर कोड स्कॅन करून ती दीक्षा या शैक्षणिक ॲपवरचे व्हिडिओ पाहते. पाहून झालं की म्हणते, "समजलं." एक दिवस मी म्हटलं, मला समजव. मी पोळ्या लाटत होते, तिने ओट्यावर वही ठेवून सुरू केलं. मी एकच विचारलं, या दोन बाजू सारख्या कशावरून? ती थांबली. बराच वेळ आकृतीकडे पाहत राहिली, मग म्हणाली, "अगं, दोन्ही त्रिज्याच आहेत!" व्हिडिओत हे नक्की सांगितलं असणार. पण तिला ते त्या दिवशी सापडलं.

कामठी_गणित

मॅडम, सरांचं बरोबर आहे, पण पडदाही चुकतो, म्हणजे त्याला चुकायला लावता येतं. जिओजेब्रात पूर्णांकन शून्य दशांशांवर ठेवा आणि केंद्रीय कोन 80.8 च्या आसपास येईल असा बिंदू सरकवा. केंद्रीय कोन 81 दिसेल आणि कंसावरचा 40. दुप्पट 80 हवा न? मुलांना काही न सांगता तसंच राहू द्या. त्रिकोणाच्या कोनांचंही असंच करता येतं. 52.6, 63.7 आणि 63.7 चे 53, 64, 64 होतात आणि बेरीज 181 भरते. माझ्या नववीच्या वर्गाने या 181 वर अर्धा तास घालवला. तो वाया गेला असं मला वाटत नाही.

मानेवाडा_भूमिती

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी दोन्ही करून पाहिलं. आधी कंपासपेट्या काढायला लावल्या. केंद्रीय कोन सगळ्यांना 80 च सांगितला होता, तरी कंसावरचा कोन 38 पासून 43 पर्यंत आला. मुलं म्हणाली, हाताने असंच होणार, जिओजेब्रा लावा. लावलं. 81 आणि 40. वर्ग एकदम गप्प झाला. एक मुलगा म्हणाला, दशांश वाढवा. दोन दशांश घेतले तर 80.83 आणि 40.42, पुन्हा शेवटच्या अंकात फरक. तेव्हा चाचणीत तीन मापं लिहिणाऱ्या मुलीनेच विचारलं, "मॅडम, किती दशांश घेतले म्हणजे खात्री?"

मी प्रोजेक्टर बंद केला, खिडक्या उघडल्या आणि फळ्यावर वर्तुळ काढलं. कोनाच्या शिरोबिंदूपासून केंद्रातून जाणारी रेषा काढली आणि विचारलं, आता इथे समद्विभुज त्रिकोण कुठे दिसतो? नंदनवनच्या ताई, तुमच्या मुलीला दिसल्या त्याच दोन त्रिज्या पहिल्या बाकावरच्या मुलाने दाखवल्या. तिथून बाह्यकोनापर्यंत मुलं स्वतःच गेली. मी मध्ये फक्त एकदा बोलले.

सगळ्यांना आलं असं नाही. आज वह्या तपासल्या, 7 जणांनी अजूनही मापंच लिहिली आहेत. शिवाय केंद्र कोनाच्या बाहेर पडतं तेव्हा बेरजेऐवजी वजाबाकी करावी लागते, ते राहिलं. तिथे मात्र पडदा लागेल, कारण केंद्र आतून बाहेर सरकताना दिसायला हवं. कामठीच्या सरांकडे त्याची फाइल असेल तर कृपया पाठवा.