मदत हवी आहे: दोन्ही दुर्बिणी नॉर्मल, तरी रक्त कमीच. कोल्हापुरात कॅप्सूल एन्डोस्कोपी कुठे होते?

बावडेकर
तातडीनं सांगा. कोल्हापुरात कॅप्सूल एन्डोस्कोपी कुठे होते आणि किती पैसे लागतात? वडील, वय ६३. हिमोग्लोबिन ६.४ होतं. गेल्या महिन्यात दोन बाटल्या रक्त चढवलं, नऊच्या वर गेलं, आता परत साडेसात. वरून दुर्बीण झाली, खालून झाली, दोन्ही नॉर्मल. सोनोग्राफी पण नॉर्मल. डॉक्टर म्हणाले आता कॅमेऱ्याची कॅप्सूल गिळून लहान आतडं बघावं लागेल. बाकी काही त्रास नाही. फक्त सेंटरचं नाव आणि खर्च सांगा, लांबण नको.

रंकाळाकाठ
भावा, इतक्यात तपासण्यांच्या मागं लागू नकोस. माझी बहीण सातवर होती. बीट, काळे मनुके, लोखंडी तव्यातली पालेभाजी, वर गूळ-शेंगदाणे. तीन महिन्यांत अकरा. आबांना रोज सकाळी सुरू कर.

लॅब_तीस_वर्षं
रंकाळाकाठ, तुमच्या बहिणीला रक्त कमी बनत असेल, ते खाण्यानं भरून आलं. इथं दोन बाटल्या चढवून महिन्यात दीड ग्रॅम खाली आलंय. म्हणजे बनलेलं रक्त कुठून तरी जातंय. टाकीला भोक असताना मोटार लावून काय उपयोग? ६३ वर्षांच्या पुरुषात लोह कमी सापडलं तर गळती कुठं आहे ते शोधायचंच.
बावडेकर, एमसीव्ही (लाल पेशींचा आकार) आणि फेरिटिन (लोहाचा साठा) किती आलंय? संडासचा रंग कसा आहे?

बावडेकर
एमसीव्ही ६२, फेरिटिन ५. संडास कधी कधी काळी असते, पण लोहाच्या गोळ्या चालू आहेत त्यामुळं असेल. सेंटर सांगता का कोणी?

लॅब_तीस_वर्षं
गोळ्यांनी काळपट-हिरवी होते, घट्ट असते. रक्ताची असेल तर डांबरासारखी, चिकट, आणि तिला एक वेगळाच वास असतो. एकदा तो वास घेतलेला माणूस विसरत नाही. गोळ्या सुरू व्हायच्या आधी कशी होती, ते विचारा.

मिरजकर_ताई
मी एन्डोस्कोपी विभागात सिस्टर होते, बावीस वर्षं. सेंटर सांगण्याआधी चार गोष्टी विचारते, रागावू नका.
वरची दुर्बीण जठर ओलांडून ड्युओडेनमच्या, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या, दुसऱ्या भागापर्यंत जाते. खालची मोठं आतडं संपवून लहान आतड्याच्या टोकात थोडीशी शिरते. मध्ये साधारण सहा मीटर आतडं राहतं, ते या दोघींनाही दिसत नाही. म्हणून दोन्ही नॉर्मल म्हणजे सगळं नॉर्मल असं नाही. तिथं गाठी फार कमी होतात, पचनमार्गातल्या सगळ्या गाठींत शंभरातल्या पाचांहूनही कमी, पण होतात. आणि कमी होतात म्हणूनच उशिरा सापडतात. सोनोग्राफीत गॅसमुळं आतडं नीट दिसत नाही, तिच्यावर विसंबू नका.
आता सांगा: जेवल्यावर पोटात कळ येते का? पोट फुगतं का, उलटी होते का? वजन किती उतरलं? पोटाचं जुनं ऑपरेशन? घरात कोणाला आतड्याचा, गर्भाशयाचा कॅन्सर?
हे विचारण्याचं कारण आहे. कॅप्सूल २६ मिलिमीटर लांब आणि ११ मिलिमीटर जाड असते. आतड्याची वाट कुठं अरुंद असेल तर ती तिथं अडकते, आणि मग ती काढायला ऑपरेशन.

बावडेकर
ताई, पोटात दुखत नाही. उलटी नाही. ऑपरेशन नाही. घरात कोणाला आतड्याचा कॅन्सर नाही. वजन बघितलं नाही. कुठं करायची तेवढं सांगा.

गडहिंग्लजकर
टीबी असणार. माझ्या सासऱ्यांचं अगदी असंच होतं. रक्त कमी, वजन कमी. एकेटी (टीबीच्या गोळ्या) सुरू केली आणि सहा महिन्यांत माणूस शेतात कामाला लागला. आपल्याकडं आतड्याचा टीबी भरपूर आहे. डॉक्टरना म्हणा, गोळ्या देऊन बघा. तपासण्यांत घालवायचे पैसे वाचतील.

शाहूनगरी
गडहिंग्लजकर, हे कृपा करून कोणाला सांगू नका. माझ्या चुलतभावाला असंच, तपासायला तुकडा न काढता (बायोप्सीशिवाय), दोन महिने एकेटी दिली. ताप थोडा उतरला म्हणून आम्ही खूश. नंतर पोटात गाठ हाताला लागायला लागली. निघाला लिम्फोमा, कॅन्सरचा एक प्रकार. ते दोन महिने आम्हाला कोणी परत देणार नाही. सासरे बरे झाले त्याचा आनंद आहे, पण त्यांची बायोप्सी झाली होती का?

गडहिंग्लजकर
झाली होती. त्यात टीबीच आला होता.

शाहूनगरी
मग तेच म्हणतोय मी! आधी तुकडा, मग गोळ्या.

एमआयडीसी_गोकुळ_शिरगाव
कॅप्सूलबद्दल थोडं. कल्पना गॅव्रिएल इद्दान या इस्रायली अभियंत्याची, जो आधी क्षेपणास्त्रांच्या कॅमेऱ्यांवर काम करायचा. अमेरिकेत २००१ साली मान्यता मिळाली. सेकंदाला दोन किंवा जास्त फोटो, बॅटरी आठ ते बारा तास. एवढ्याशा डबीत लेन्स, दिवे, बॅटरी आणि ट्रान्समीटर बसवणं म्हणजे काय काम आहे! आम्ही इथं पंपाचे पार्ट करतो, त्यामुळं याचं फार अप्रूप वाटतं.

पेठेतला
कोल्हापुरात वेळ घालवू नका. सरळ टाटा, परळ. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्री बसा, सकाळी दादर.

शाहूनगरी
पेठेतला, अजून निदान काही नाही, टाटात काय घेऊन जायचं? आणि साडेसात हिमोग्लोबिनचा माणूस रात्रभर गाडीत?

पेठेतला
माझ्या आईला नेलं होतं. इथं सगळे "बघू, बघू" म्हणत होते, तिथं आठ दिवसांत कळलं. म्हणून बोललो. थ्री टायरचं तिकीट लागलं तर सांगा, मी काढून देतो.

बावडेकर
थोडं थांबा. ताईंनी विचारलेलं काल रात्री आईला विचारलं. ती म्हणाली, "अरे, चार महिने झाले, जेवण झालं की ते लेंग्याची नाडी सैल करून सोप्यात पालथे पडतात. पोटात गुडगुड वाजतंय ते मला चुलीपाशी ऐकू येतं. अर्ध्या तासानं उठतात." मी समोर बसून जेवत होतो रोज, मला वाटायचं पाठ टेकायला पडलेत. आबांना विचारलं तर म्हणाले, दुखत नाही रे, गोळा येतो आणि जातो. म्हणजे त्यांच्या लेखी ते दुखणंच नाही. भाकरी दोनवरून अर्धी झाली आहे. गुऱ्हाळाच्या काट्यावर वजन केलं, गेल्या हंगामात ६८ होते, आता ६१. गोळ्या सुरू होण्याआधी संडास डांबरासारखी होती का विचारलं तर गप्प बसले, मग हो म्हणाले.

मिरजकर_ताई
बरं झालं विचारलंत. आता कॅप्सूल आत्ता नको, हे जेवणानंतरचं सगळं वर्णन तसंच्या तसं डॉक्टरना सांगा. "गोळा येतो आणि गुडगुड होऊन जातो" म्हणजे वाट अरुंद झाली असण्याची शंका. अशा वेळी आधी सीटी एन्टेरोग्राफी करतात. वाट मोकळी आहे का बघायला विरघळणारी खोटी कॅप्सूलही असते, पण तुमच्या बाबतीत सीटीच आधी.
क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, करून घ्या, सीटीसाठी शिरेतून डाय देतात. साखरेसाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर सांगा. मध्येच उलट्या थांबेनात, पोट दगडासारखं झालं, वारा सरेना, तर या धाग्यावर विचारत बसू नका, रात्र असली तरी कॅज्युअल्टीला न्या.

पेठेतला
साधी सीटी केली तर चालणार नाही का? तीच मशीन ना?

मिरजकर_ताई
मशीन तेच, तयारी वेगळी. रिकामं आतडं मिटलेलं असतं, मिटलेल्या आतड्याची भिंत उगाचच जाड दिसते आणि खरी गाठ लपते. एन्टेरोग्राफीत आधी दीडेक लिटर पाणी पाजून आतडं फुगवतात, मग भिंत उलगडते.

सातारी_वारा
आबांचा चेहरा मध्येच लाल होतो का? जुलाब? माझ्या मोठ्या भावाला कार्सिनॉइड (हार्मोन सोडणारी गाठ) होता, हल्ली न्यूरोएन्डोक्राइन ट्यूमर म्हणतात. त्यासाठी रक्ताची क्रोमोग्रॅनिन ए आणि चोवीस तासांच्या लघवीची ५-एचआयएए तपासणी ताबडतोब करा. आमचं निदान त्यावरूनच लागलं. नंतर गॅलियम डोटाटेट पेट स्कॅन झाला.

लॅब_तीस_वर्षं
सातारी, ती लक्षणं बहुतेक वेळा गाठ यकृतात पसरल्यावर येतात, आणि बावडेकरांनी यातलं काही लिहिलेलं नाही. शिवाय ॲसिडिटीची पॅन्टोप्राझोल चालू असेल तर क्रोमोग्रॅनिन खोटंच वाढतं. लघवीच्या तपासणीआधी केळी, अननस, टोमॅटो, अक्रोड बंद ठेवावे लागतात. लहान आतड्यात चार मुख्य जातीच्या गाठी: ॲडेनोकार्सिनोमा (आतल्या अस्तराचा कॅन्सर), न्यूरोएन्डोक्राइन, लिम्फोमा, जिस्ट. प्रत्येकीचा शोध वेगळा. आधी गाठ आहे का, कुठं आहे, ते दिसू दे.

सातारी_वारा
आमची दोन वर्षं गेली, ॲसिडिटी म्हणून औषधं घेण्यात. म्हणून घाई केली. बरोबर आहे तुमचं.

बावडेकर
सीटी झाली. एका मोठ्या गार खोलीबाहेर बाकड्यावर बसवून मॅनिटॉल घातलेलं पाणी दिलं, ग्लासावर ग्लास, पाऊण तासात दीड लिटर संपवायचं. आबा आयुष्यभर गुळव्या होते. पहिला घोट घेतला आणि म्हणाले, "काकवीत निम्मं पाणी घातलंय आणि करपवलीय." तिसऱ्या ग्लासाला कळ आली, तिथंच बाकड्याची कड धरली, बोटं पांढरी झाली होती. मी पहिल्यांदा ती कळ डोळ्यांनी बघितली.
रिपोर्ट: जेजुनमच्या (ड्युओडेनमनंतरचं लहान आतडं) सुरुवातीच्या भागात साडेतीन सेंटिमीटर लांबीची, गोलाकार जाड झालेली भिंत. आतली वाट अरुंद, तिच्या वरचं आतडं फुगलेलं. शेजारी छोट्या दोन-तीन लिम्फ गाठी. यकृत स्वच्छ. शक्यता: ॲडेनोकार्सिनोमा, लिम्फोमा. टीबी नाकारता येत नाही.
आता काय? बाहेरून सुई घालून तुकडा काढतात का?

गडहिंग्लजकर
बघा, टीबी लिहिलाच आहे.

लॅब_तीस_वर्षं
लिहिला आहे, शेवटी. आतड्याचा टीबी जास्त करून लहान आतड्याच्या शेवटी, जिथं ते मोठ्याला मिळतं, तिथं होतो. ही जागा अगदी दुसऱ्या टोकाला आहे. नाही असं म्हणत नाही, पण तुकड्याशिवाय एकेटीची एक गोळीही नको. आणि लिम्फोमाची शंका असताना स्टिरॉइडही नको, त्यानं बायोप्सी बिघडते.

मिरजकर_ताई
सुई बाहेरून नको, तुमची गाठ आतल्या अस्तरावर आहे, आतूनच सापडेल. बलून एन्टेरोस्कोपी म्हणून लांब दुर्बीण असते, जपानच्या यामामोतोंनी काढलेली. फुगा फुगवून आतडं बाही दुमडावी तसं दुर्बिणीवर गोळा करत पुढं जातात. जेजुनमची सुरुवात वरून, तोंडातून गाठता येते. तुकडे घेतल्यावर शेजारी शाईचा ठिपका मारायला सांगा, म्हणजे सर्जनला जागा शोधावी लागत नाही.
हे सगळ्या गावांत होत नाही, डॉक्टर पाठवतील तिथं जा. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा, महात्मा फुले योजनेत काय बसतं ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा.

पेठेतला
पुण्याला जाणार असाल तर सकाळची एसटी नको, कराडला अडकते. गाडी करा. माझ्या ओळखीचा ड्रायव्हर आहे.

बावडेकर
पुण्याला झाली, परवा रिपोर्ट आला. ॲडेनोकार्सिनोमा. ठिपका मारलाय. छातीची सीटी स्वच्छ.
सर्जननी घरातल्या आजारांचा सगळा कागद मागितला आणि तेव्हा मला आत्या आठवली. तिचं ४७ व्या वर्षी गर्भाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं. ताई, तुम्ही गर्भाशय स्पष्ट विचारलं होतं आणि मी फक्त आतड्याचं उत्तर दिलं. आत्या लग्न होऊन निपाणीला गेली, ती "घरात" धरलीच नव्हती मी. क्षमा करा.

लॅब_तीस_वर्षं
त्याच तुकड्याच्या मेणाच्या ब्लॉकवर एमएमआरची, म्हणजे डीएनए दुरुस्त करणाऱ्या प्रथिनांची, तपासणी सांगा. एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६, पीएमएस२, ही चार प्रथिनं आहेत का बघतात. एखादं गायब असेल तर लिंच सिंड्रोमचा, म्हणजे घराण्यात आतड्याचे, गर्भाशयाचे कॅन्सर आणणाऱ्या जनुकदोषाचा, शोध घ्यावा लागतो, पुढच्या औषधांवरही त्याचा परिणाम होतो. तसं निघालं तर तुमची आणि भावंडांचीही रक्ततपासणी, आत्याच्या मुलांचीही. मेणाचा ब्लॉक आणि स्लाइड जपून मागून घ्या, दुसरं मत लागलं तर तोच न्यायचा असतो.

शाहूनगरी
आबा कसे आहेत?

बावडेकर
आईनं पेज आणि पातळ भात चालू ठेवलाय, कळ कमी आहे. हिमोग्लोबिन ८ वर आणलंय. एमएमआर सांगितलं. ऑपरेशन गुरुवारी, इथंच कोल्हापुरात. ओ पॉझिटिव्ह दोन दाते मिळालेत, तिसरा तयार ठेवायला सांगितलंय.

गडहिंग्लजकर
मी ओ पॉझिटिव्ह आहे. बुधवारी संध्याकाळीच येऊन थांबतो. नंबर मेसेज करा.